आठ दिवसांच्या बोलीवर फटफटी

हा माणूस विचार केल्याशिवाय काही करत नाही, असं माझ्याबद्दल सगळे सांगतात. कचेरीत सांगत, सोयऱ्यांत सांगतात, लग्नाची बोलणी असली की मला मुद्दाम नेऊन बसवतात. मी ऐकून घेतो. ही कीर्ती मला एका फटफटीमुळे मिळाली, जी मी घेतली नाही. ‘बघा, दोन महिने पारखली आणि सोडली,’ असं लोक कौतुकानं म्हणत. खरं काय झालं ते बायकोला अर्धं ठाऊक आहे, मामाला पाऊण होतं. पूर्ण ठाऊक होतं ते एका मिस्त्रीला, आणि मिस्त्री मागच्या उन्हाळ्यात वारला. आता लिहायला हरकत घेणारं कुणी नाही, माझ्याशिवाय.

लढाई संपून वर्ष झालं होतं. मी तिशी ओलांडलेला, नगरला लोकल बोर्डाच्या नोकरीत. देवी टोचणारे गावोगाव जात. त्यांनी खरंच टोचलं की नुसतं कागदावर टोचलं, हे बघायला त्यांच्या मागून मी जायचो. पोरांचे दंड बघायचे, फोड उठला का, खपली धरली का, आणि यादीवर खूण करायची. हे सगळं सायकलवर. पांढरीपुलाच्या अलीकडचा इमामपूरचा घाट जो सायकल ढकलत चढला असेल त्याला मी जास्त सांगायला नको. वर पोचेपर्यंत अंगातला सदरा पिळून घ्यावा लागे, आणि मग समोरचा वारा सुरू व्हायचा. मी रोज कुणाला ना कुणाला शिव्या देत घरी यायचो. बहुतेक वाऱ्याला.

मिस्त्रीची ओळख या सायकलीमुळेच झाली. भिंगारच्या जुन्या बाजारात एका दुकानाच्या पडवीत तो बसायचा. जातीचा मुसलमान, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा, लष्कराच्या वर्कशॉपात वीस वर्षं काढलेला. लढाई संपल्यावर कामगार कमी केले त्यात त्याचीही गच्छंती झाली होती. त्याच्याकडे एक विलायती फटफटी होती, लढाईच्या आधीची. एक साहेब बदली होऊन जाताना मोडक्या अवस्थेत टाकून गेला होता आणि मिस्त्रीनं वर्षभर एकेक भाग जमवून ती उभी केली होती. लांबच्या प्रवासाची गाडी ती. रुंद टाकी, टाकीच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकवायला रबर, मागे सामान बांधायला लोखंडी चौकट, आणि सीटखाली पलंगासारख्या स्प्रिंगा.

“विकायची आहे, साहेब,” तो म्हणाला. “पण भंगारवाल्याला नाही. चालवणाऱ्याला.”

विकण्याचं कारणही त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, हे मला इथं स्पष्ट लिहायला हवं. मला माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणू शकत नाही. वर्कशॉपातली यंत्रं लिलावात निघाली होती. त्यातलं एक लेथ, लोखंड फिरवून कातायचं यंत्र, ज्याच्यावर त्यानं स्वतः अकरा वर्षं काम केलं होतं, ते गावातल्या एका व्यापाऱ्यानं घेऊन ठेवलं होतं. व्यापारी ते मिस्त्रीला द्यायला तयार होता, पण सप्टेंबरच्या अखेरपर्यंतच. मिस्त्रीचे बरेचसे पैसे जमले होते. उरलेले या गाडीतून उभे राहायचे होते. लेथ आलं की पडवी सुटणार, स्वतःचं दुकान होणार.

“त्या लेथचा आवाज ऐकून सांगतो मी, बेअरिंग कुठलं गेलंय ते,” तो म्हणाला. “दुसऱ्याच्या हातात गेलं तर वाटोळं करतील.”

मी गाडीभोवती फिरलो. घ्यायचीच, असं मनात आलं होतं. पण मी लगेच हो म्हणणाऱ्यांतला नाही, आणि लगेच नाही म्हणणाऱ्यांतला तर त्याहून नाही. मी म्हणालो, “मिस्त्री, आमच्या गावाकडं बैल घेताना आठ दिवस आऊताला धरून बघतात. पटला तर ठेवायचा, नाही तर परत दावणीला आणून बांधायचा. आणि बैल बोलीवर गेला की तोवर दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही.”

मिस्त्री हसला. “चला, बैलच समजा. न्या आठ दिवस.”

तो हसत म्हणाला, पण शब्द त्यानं खरा धरला. हे मला नंतर कळलं.

पहिल्या फेरीचं काय सांगू! घाट चढताना मी खाली उतरलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा समोरचा वारा मला आवडला. पांढरीपुलाला थांबून चहा घेतला तर चार माणसं गाडीभोवती जमली आणि मला ‘रावसाहेब’ म्हणाली. सायकलवर कुणी म्हणालं नव्हतं. परत आलो तेव्हा बायको म्हणाली, “आज शिव्या नाहीत?”

पण गाडीही काही गरीब गाय नव्हती. सकाळी थंड असली की वीस वीस किका मारायला लावायची. एखादी किक उलटी बसली की नडगी फुटायची. पेट्रोल कुपनावर, तेही मिस्त्रीच कुठून कुठून जमवून भरून द्यायचा. काळ्या रानात उतरली की मागचं चाक चिखल पांघरून बसायचं आणि मी काडीनं तो चिखल उकरत, भर पावसात, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बसायचो. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्यावरच.

आठ दिवसांचे दहा झाले. दुसऱ्या आठवड्यात मी घोडेगावच्या बाजूच्या एका खेड्यात गेलो. यादीत एकवीस पोरं होती. त्या वर्षी देवीची साथ पावसाळ्यातही पुरती मिटली नव्हती, त्यामुळे वरून ताकीद होती. चावडीपुढं गाडी उभी केली. गावात चिटपाखरू नाही. एका घरात शिरलो तर म्हातारी तांदूळ निवडत बसलेली, आणि तिच्या मागं टांगलेली झोळी अजून हलत होती. रिकामी.

“आज्जी, पोरं कुठं गेली?”

“कसली पोरं?”

“झोळी तर हलतीय.”

“वाऱ्यानं हालती.” मग तिनं सुपातून मान वर केली. “तुजी फटफटी वढ्याच्या पल्याडनं ऐकू येती बाबा. बाया गेल्या बाजरीत पोरं घिऊन. त्यो सायकलवाला बरा हुता, कवा आला कळायचंबी न्हाई.”

“आज्जी, तो सायकलवाला मीच.”

“मंग सायकलीवर ये की!”

टोचलं की पोराला ताप येतो, म्हणून बाया आमच्यापासून पोरं लपवायच्या, हे जुनंच होतं. आमची सगळी भिस्त न कळता पोचण्यावर. आणि मी गावाला मैलभर आधी वर्दी देणारं यंत्र घेऊन फिरत होतो. पुढची दोन गावं पाहिली, तिथंही तेच. बाजरी उंच झाली होती, लपायला चांगली होती.

म्हणजे दुसऱ्या आठवड्यात, त्या म्हातारीच्या ओसरीवर, मला कळलं की ही गाडी माझ्या कामाची नाही. मी ती घेणार नाही, हे त्याच क्षणी ठरलं. सरळ भिंगारला जाऊन एवढंच सांगायचं होतं: मिस्त्री, आवाज होतो, पोरं पळतात. दोन मिनिटांचं काम.

मी सांगितलं नाही.

का, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घाट चढायचा होता. सांगितलं की गाडी दावणीला बांधावी लागणार. मी काय केलं ते ऐकण्यासारखं आहे. सोमवार-मंगळवार मी फटफटीवर निघायचो, गावं रिकामी करत फिरायचो, चहाच्या दुकानांपुढं उभा राहायचो. आणि बुधवारपासून त्याच गावांना सायकलवर जाऊन पोरांचे दंड बघायचो. कामात खोट ठेवली नाही, एवढंच काय ते. दुप्पट रस्ता तुडवत होतो, थकत होतो, चिडत होतो, आणि घरी विचारलं की म्हणायचो, “अजून बघतोय.”

शनिवारी गाडी मिस्त्रीकडे न्यायचो. तो फडक्याला हात पुसत उभा राहायचा आणि विचारायचा, “मग साहेब?” या दोन शब्दांचा मला पुढं पुढं इतका राग यायला लागला की काय सांगू. त्यात घाई नसायची, टोमणा नसायचा. टोमणा असता तर भांडता तरी आलं असतं. काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून मी एक दोष काढायचो. क्लच घसरतोय. पुढच्या शनिवारी, चेन आवाज करतीय. त्याच्या पुढच्या, घाटात दम टाकतीय. मिस्त्री दोन दिवस खपून तो दोष काढून टाकायचा, स्वतःच्या पदरचं सामान घालून, आणि गाडी पहिल्यापेक्षा गुणी करून माझ्या हातात द्यायचा. मी दोष शोधून थकलो, तो काढून थकला नाही.

मधे राहुरीकडचा एक बागायतदार गाडी बघायला आला. मिस्त्रीनं त्याला किल्लीही दाखवली नाही. “बोलीवर गेलीय,” म्हणाला. हे मला त्यानंच सांगितलं, मी खूश होईन म्हणून. मी म्हणालो, “असं कशाला केलंत?” तो म्हणाला, “तुमचा रिवाज तुम्हीच सांगितला ना? दुसऱ्यानं हात लावायचा नाही.”

घरी येऊन मी हे बायकोला चिडूनच सांगितलं, जणू मिस्त्रीनं आगळीक केली. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “घ्यायची नसेल तर नाही म्हणा. तोंडाला काय होतं तुमच्या?”

“घ्यायची नाही असं कोण म्हणालं?”

“मग घ्या.”

“तुला कळत नाही त्यातलं.”

“मला एवढंच कळतं की तो माणूस परवा दारावरून दोनदा गेला आणि हाक न मारता गेला.”

भाद्रपद निम्मा होत आला तेव्हा मला एक युक्ती सुचली. माझा मामा बैलांचा दलाल. दुसऱ्याच्या जनावराला नावं ठेवण्यात सगळ्या तालुक्यात त्याचा हात धरणारा नव्हता. त्याला न्यावं, तो दहा खोडी काढील, मग मला म्हणता येईल की वडीलधाऱ्या माणसाला पसंत नाही. नकार माझा, तोंड मामाचं.

मामा आला. धोतराचा सोगा वर खोचून त्यानं गाडीला तीन प्रदक्षिणा घातल्या. टाकीवर थाप मारली. टायर बोटानं दाबले. खाली बसून पोटाखालून बघितलं. मिस्त्रीला म्हणाला, “वय काय हिचं?”

“दहा वर्षं असेल, मामा.”

“दात दिसत न्हाईत, तुमच्या शबुदावर इस्वास ठिवायचा म्हंजी. मारकी हाय का?”

“सकाळी मारते कधी कधी. किक जपून द्यावी लागते.”

मामानं माझ्याकडं वळून डोळे मोठे केले. “ऐकलं का? खोड सवता सांगतोय! चाळीस साल बाजारात काढली, इकनारा आपल्या तोंडानं खोड सांगतो ह्यो पयला बघितला. भाच्या, घेऊन टाक. जनावर लई बेस हाय.”

मी काही बोलायच्या आत त्यानं खांद्यावरचं उपरणं काढून मिस्त्रीच्या हातावर टाकलं आणि खाली बोटं चाचपायला सुरुवात केली. बैलबाजारात भाव असाच ठरतो, उपरण्याखाली, बोटं दाबून, म्हणजे बघणाऱ्याला कळू नये. मिस्त्रीला ती भाषा येत होती. मी दोघांची तोंडं बघत उभा. मामाचं तोंड दगडाचं. मिस्त्री एकदा मान हलवून नाही म्हणाला, मग त्यानं डोळे मिटले आणि हो म्हणाला. मागितल्यापेक्षा पुष्कळ खाली आला असणार, ते त्याच्या मिटलेल्या डोळ्यांवरून मला कळलं. महिनाअखेरीला बारा-तेरा दिवस उरले होते.

“झालं!” मामा म्हणाला. “दे इसार.”

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. कारण कुठलंच उरलं नव्हतं. क्लच दुरुस्त, चेन दुरुस्त, भाव पाडलेला, मामा राजी. आणि माझ्या तोंडून शब्द आले, “पितृपक्ष लागलाय.”

“मग?” मामा म्हणाला. “जुनी वस्तू हाय. हिला कसला आलाय पितृपाख?”

“नाही. आमच्या घरात चालत नाही. वडिलांपासून. या पंधरवड्यात वस्तू घरात आणायची नाही. वडिलांची तिथीही याच पंधरवड्यात आहे.”

मामा नुसता बघत राहिला. मला वाटलं आता हा बोलणार. पण भाच्याची परक्यासमोर शोभा होऊ नये म्हणून त्यानं उपरणं झटकलं आणि खांद्यावर टाकलं.

मिस्त्रीच्या चेहऱ्यावर मात्र निराळंच आलं. त्यानं हातातलं फडकं बाजूला ठेवलं, अदबीनं. “मग राहू द्या, साहेब. तुमच्या वडिलांचं आहे, त्यात घाई नको. अमावस्येनंतर न्या. व्यापाऱ्याला मी सांगतो चार दिवस थांबायला. माणूस आहे तोही.”

घरी येताना वेशीपाशी आल्यावर मामा म्हणाला, “तुझ्या बापाला खिलारी जोडी मीच घिऊन दिल्ती. पितृपाखातच. स्वस्तात गावली म्हनून नाचत घरी आणली हुती त्यानं.”

मी म्हणालो, “मला माहीत आहे.”

“माहीत हाय व्हय?” एवढंच म्हणून तो सरळ मोटारस्टँडकडं चालायला लागला. जेवायला थांबला नाही.

व्यापारी थांबला नाही, आधी दिलेल्या मुदतीपर्यंतसुद्धा नाही. महिना संपायच्या आतच लेथला दुसरं गिऱ्हाईक आलं आणि त्यानं देऊन टाकलं. मला हे कचेरीतल्या एकाकडून कळलं. खरं सांगायचं तर ऐकून मला आधी सुटल्यासारखं वाटलं. आता मिस्त्रीला घाई उरली नाही, आता आपोआप मिटेल. असा विचार मी केला. आज तो लिहिताना हात जड होतो, पण केला होता.

आपोआप काही मिटत नाही. घटस्थापनेच्या सकाळी दारात फटफट ऐकू आली. मिस्त्री स्वतः गाडी घेऊन आला होता. धुऊन पुसून लख्ख केलेली, आणि हँडलला झेंडूची माळ. “तुमच्यात लागते ना,” तो म्हणाला. लेथचं अक्षरसुद्धा काढलं नाही. आळीतली चार माणसं बाहेर आली.

आवाज ऐकून बायको घाईनं तबक घेऊन आली. हळद, कुंकू, पेटलेलं निरांजन. तिला वाटलं, घेतली एकदाची. ती उंबऱ्याच्या बाहेर पाऊल टाकणार तोच मी म्हणालो, “थांब.”

ती थांबली. मिस्त्री तबकाकडं बघत होता. मला तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं. मी म्हणालो, “मिस्त्री, मागच्या खेपेला इंजिनात जरा खडखड वाटली होती मला.”

मिस्त्रीनं काही विचारलं नाही. ‘मग साहेब?’ असंही म्हणाला नाही. त्यानं बायकोला हात जोडले, “माफ करा बाई, तसदी दिली,” म्हणाला, आणि गाडी चालू न करताच ढकलत नेली. माळ तशीच. भिंगार तिथून दोन मैल. निरांजन विझू नये म्हणून बायको हाताचा आडोसा धरून आत गेली.

गाडी नंतर कुणी तरी घेतली, भंगाराहून थोडी बरी किंमत देऊन. मी दोन वर्षं भिंगारकडची वाटच टाकली. सायकलला काही झालं तर गावातल्या दुसऱ्याकडं न्यायचो.

मग एकदा मागच्या चाकाचा आस असा काही वाकला की सगळ्यांनी सांगितलं, हे लेथवाल्याकडंच होईल. स्टेशनच्या रस्त्याला एक नवीन कारखाना निघाला होता. आत गेलो तर लेथपुढं मिस्त्री उभा. लेथ तेच. मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचा हात ज्या तऱ्हेनं त्याच्यावर होता त्यावरून मला शंका उरली नाही. तो तिथं रोजावर होता.

“या साहेब,” म्हणाला. आस हातात घेऊन डोळ्यापुढं फिरवून बघितला. “होईल.”

तो काम करत होता, मी बाजूला उभा होतो, आणि मला एकाएकी उभं राहवेना. मी सगळं सांगितलं. फटफटीचा आवाज, बाजरीत पळणाऱ्या बाया, दुसरा आठवडा. क्लच कधी घसरत नव्हता हेही सांगितलं. त्यानं पट्टा सरकवून यंत्र थांबवलं, म्हणजे मला ओरडावं लागू नये.

“क्लचचं मला तेव्हाच कळलं होतं,” तो म्हणाला. “उघडून बघितल्यावर कळतंच की. चेनचंही. म्हटलं, साहेबांना चालवायची हौस आहे, चालवू द्या.”

“मग थांबलात कशाला? बागायतदाराला का नाही दिली?”

“देणार होतो. तुमचे मामा आले त्याच्या दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला होता. रोख घेऊन.” त्यानं आसावरचा कीस फुंकला. “पण तुम्ही वडिलांचं नाव घेतलं. गाडीबद्दल माणूस खोटं बोलतो, साहेब. धंदाच आहे तो. गेलेल्या बापाचं नाव घेऊन कोण बोलेल? म्हणून त्याला परत पाठवला.”

मिस्त्री रागावलेला नव्हता. कुठल्या बेअरिंगमुळं आवाज येतोय हे समजावून सांगावं तसं त्यानं सांगितलं.

आतल्या खोलीतून मालकाचा आवाज आला. पोरसवदा होता मालक, पंचविशीचा. “मिस्त्री, मशीन का बंद? गप्पा सुट्टीनंतर मारा.”

“जी,” मिस्त्री म्हणाला आणि त्यानं पट्टा चढवला.